नोएडाचा दुसरा गट

१

नोएडाच्या केंद्रात एक अजब गुन्हा उघडकीला आला होता. जी माणसं कामावर परतायला नको होती, ती परतली होती.

पद्माकर खांबेटे यांनी हे ऐकलं आणि हातातला तीळ-गुळाचा गजक तसाच धरून ते समोर बघत राहिले. लेखापरीक्षणात हयात घालवलेला हा माणूस. पैसा खाल्लेला, सिमेंट खाल्लेलं, एकदा तर आख्खा पूल खाल्लेला त्यांनी पाहिला होता. पण माणसं कामाला लागली म्हणून सरकार हवालदिल झालंय, हा प्रकार निवृत्तीनंतरच बघायला मिळायचा होता.

"खांबेटेजी, आप हँस रहे हैं?" संचालक भटनागर कळवळून म्हणाले.

"नाही हो, गजक छान आहे," खांबेटे म्हणाले, आणि ते खरंही होतं. जानेवारीचं ऊन खिडकीतून पाठीवर येत होतं, कोणीतरी आठवण ठेवून बोलावलं होतं. या वयात आणखी काय पाहिजे, असं म्हणून ते ज्याचे त्याचे आभार मानत असत.

प्रकरण असं होतं. कारखान्यात हात-पाय गमावलेल्या कामगाराला विम्यातून दरमहा पेन्शन मिळते. पण पेन्शन आली म्हणून माणूस उभा राहतोच असं नाही. कित्येक जण खाटेवर पडून छताकडे बघत बसतात. म्हणून सरकारने एक योजना आजमावायला घेतली होती. जखमी कामगाराला व्यायाम द्यायचा, नवं काम शिकवायचं, मालकाशी बोलणी करायची. हे खरंच उपयोगी पडतं का, हे ठरवायचं काम भटनागरांच्या मूल्यमापन कक्षाकडे होतं. त्यासाठी संगणकाने सोडत काढून कामगारांचे दोन गट केले होते. पहिल्या गटाला पेन्शन आणि ही सगळी मदत, दुसऱ्याला नुसती पेन्शन. पहिल्या गटातली जास्त माणसं कामाला लागली तर योजना देशभर जाणार.

गुरुग्रामला आणि फरीदाबादला तसंच झालं. नोएडात मात्र ज्यांना काहीच दिलं नव्हतं, तो दुसरा गटही पहिल्याच्या बरोबरीने कामाला लागलेला दिसत होता.

"ऐसा होता नहीं," भटनागर त्यांच्या हिंदीत म्हणाले. "त्या घरोघर जाऊन मुलाखती घेणाऱ्या मुलीने, प्रज्ञाने, घरी बसून उत्तरं लिहिली आहेत. मैंने नोटिस दे दिया है. शुक्रवारी समिती बसते, त्याआधी तिला काढतो. आणि असा शेरा मारतो की पुन्हा कुठल्या सरकारी कामात दिसणार नाही."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"क्योंकि तीनों आपके लोग हैं. मुलाखती घेणारी मराठी, संगणकवाला मराठी, ऊपर से प्रमुख मॅडमही मराठी. तिघं एकमेकांत काय बोलतात, मला कळत नाही. नोटिशीचं मात्र बाकी कोणाला सांगू नका."

खांबेट्यांनी उरलेला गजक तोंडात टाकला. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची घाई त्यांनी अनेक कचेऱ्यांत पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी संन्यासी सगळ्यात कमी पगाराचा निघाला होता.

२

संगणकवाला विक्रांत पुण्याचा, कानात सदा इयरफोन. गुरुग्रामच्या एका कंपनीत नोकरी लागल्यामुळे तो आधीच अर्धा तिथे पोचलेला होता.

"काका, डेटा बिल्कुल क्लीन आहे. सोडत मशीनने काढली, मी हातसुद्धा नाही लावला."

"चुकून दोन गटांची अदलाबदल झाली असेल?"

विक्रांतने इयरफोन काढला. प्रश्न त्याच्या लायकीचा निघाला असावा. "यार काका, अदलाबदल झाली असती तर एक गट वर आणि दुसरा खाली, एवढंच झालं असतं. इथे दोन्ही वर आहेत. गुरुग्रामच्या पहिल्या गटाइतके!"

हे खांबेट्यांना पटलं. नावं इकडची तिकडे करून दोन्ही पारडी जड होत नाहीत.

अभ्यासाच्या प्रमुख शुभदा मॅडमची खोली कचेरीच्या टोकाला होती. बाई पन्नाशीच्या आसपासची, इस्त्रीची सुती साडी, चेहऱ्यावर सुरकुती पडायचीही परवानगी नसावी. दुसऱ्या गटाला केंद्रातून कसलीही मदत मिळता कामा नये, हा नियम तिनेच लिहिला होता. एकदा दुसऱ्या गटातल्या एकाला चौकीदाराने केंद्राची चाकाची खुर्ची दिली, तर तिने त्याच्याकडून लेखी खुलासा घेतला होता म्हणे.

"आकडे अनपेक्षित आहेत," ती म्हणाली. "अनपेक्षित म्हणजे खोटे नव्हेत."

"प्रज्ञा विश्वासू आहे?"

"ती खोटं लिहिणार नाही."

"कशावरून?"

डावा हात मांडीवर तसाच ठेवून शुभदाने उजव्या हाताने फाइलची लाल फीत बांधली आणि फाइल त्यांच्याकडे सरकवली. म्हातारा लुडबुड करायला आलाय, त्याच्यासाठी दुसरा हात कशाला उचला, असा काहीसा भाव त्यात खांबेट्यांना दिसला. बाई शिष्ट आहे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

प्रज्ञा त्यांना कॅन्टीनमध्ये भेटली. जेमतेम पंचविशीची, दिल्लीतच वाढलेली, समोरचा चहा गार झालेला.

"काका, जे लिहिलंय ते सच आहे. मी प्रत्येकाच्या घरी गेले होते."

"छान. मग मी जाऊन दोघा-चौघांना भेटतो. प्रश्नच मिटला."

तिचा चेहरा उतरला. "नको ना काका. म्हणजे... त्यांना कशाला त्रास? नोटीस मला आली आहे, मी बघते काय ते."

"अगं, तुझी नोकरी चालली आहे!"

"जाऊ दे," ती हळूच म्हणाली आणि कप उचलून निघून गेली.

खांबेटे बसल्या जागी हळहळले. ज्याने काही केलेलं नसतं तो छाती ठोकून सांगतो, चला, दाखवतो. ही पोर तर वाटच अडवत होती. भटनागर बरोबरच निघणार की काय?

३

नाही निघाले.

विक्रांतने दिलेल्या यादीतला हरपाल पहिल्याच फेरीत सापडला. कारखान्याच्या प्रेस यंत्रात त्याचा डावा हात मनगटापासून गेलेला, नाव दुसऱ्या गटात. सेक्टर त्रेसष्टच्या एका गोदामात तो मालाची गाठोडी बांधत होता, आणि शेजारच्या दोन हातवाल्यापेक्षा चटचट. शकीला शिवणकामाच्या कारखान्यात होती. कापायच्या यंत्राने तिच्या उजव्या हाताची बोटं नेली होती. आता ती तयार कपडे तपासून गठ्ठे करत होती. तिसरा, एक हात गमावलेला महिपाल मिठाईच्या दुकानात डबे बांधायला होता.

म्हणजे प्रज्ञाने लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. खांबेट्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी महिपालकडून गरज नसताना बालूशाही घेतली.

पण मग ती त्यांना इथे येऊ का देत नव्हती?

"हे सगळं तुला शिकवलं कोणी?" त्यांनी हरपालला हिंदीत विचारलं होतं.

"ऊपरवाले की मेहरबानी, बाबूजी."

शकीलानेही हेच सांगितलं आणि महिपालनेही. कामावर गेलं तरी पेन्शन चालू राहत होती, तेव्हा काम लपवायचं कारण नव्हतं आणि ते कोणी लपवतही नव्हतं. लपवत होते ते शिकवणाऱ्याचं नाव. हरपाल तेवढा एकदाच मोकळा झाला. "साहब, इतना समझ लीजिए, पहले पजामे का नाड़ा भी घरवाली बाँधती थी. अब खुद बाँधता हूँ." एवढं बोलून तो पाठमोरा झाला.

मेट्रोत खांबेटे मांडीवरचा बालूशाहीचा डबा बघत बसले. महिपालने दोरी एका हाताने बांधली होती. एक टोक करंगळीने तळहातात दाबलं, दुसऱ्याचा तर्जनीभोवती वेढा घेतला आणि अंगठ्याने तो आत सारला. दात लावले नाहीत, टेबलाचा आधारही घेतला नाही. चपटी, नीटस गाठ, आणि टोक ओढलं की एका झटक्यात सुटणारी. हरपालची गाठोडीही अशीच होती. शकीलाचे गठ्ठेसुद्धा.

तीन धंदे, तीन वस्त्या, आणि गाठ एकच. तिघांचा गुरू एकच होता. खांबेटे त्या विचारात इतके बुडाले की त्यांचं स्टेशन मागे पडलं.

४

केंद्रात अपंगांना शिकवणारा माणूस म्हणजे व्यायामोपचार करणारी चेतना हुड्डा. ती पहिल्या गटाला शिकवायची. दया येऊन तिने दुसऱ्यांनाही शिकवलं असेल, तर सगळाच उलगडा होत होता.

खांबेट्यांनी दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे बूट काढून ठेवला. "एका हाताने नाडी बांधून दाखवा."

चेतना खो खो हसली. "अंकल, कौन से ज़माने में हैं? गाठी आम्ही शिकवतच नाही. चिकटपट्टीचे बूट देतो, चिकटपट्टीचे कपडे देतो." तरी तिने प्रयत्न करून पाहिला. दात लावायला वाकली, बुटाच्या वासाने मागे झाली आणि शेवटी तिने हात टेकले.

तेव्हा ही विद्या केंद्रातली नव्हतीच. कोणीतरी ती बाहेरून आणली होती.

हताश होऊन खांबेटे त्यांना दिलेल्या टेबलाशी आले. शुभदाची फाइल अजून तशीच बांधलेली पडली होती. ती निदान चाळावी म्हणून त्यांनी फितीचं टोक ओढलं, आणि गाठ एका झटक्यात सुटली.

लाल फितीच्या गाठी सोडण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला सरकारी गाठ ठाऊक असते. ती नखं तुटेपर्यंत सुटत नाही. ही गाठ सरकारी नव्हती. ती चपटी होती, नीटस होती आणि एका हाताने, त्यांच्या डोळ्यांदेखत मारलेली होती.

दुपारी ते शुभदाच्या खोलीत गेले आणि दार लोटून बसले.

"मॅडम, तुम्हाला देवाने दोन हात दिलेत. मग फीत एका हाताने का बांधता?"

शुभदाने हाताकडे पाहिलं. आपण काय करतो हे तिला स्वतःलाच आत्ता कळत असावं.

"मी उत्तर देऊन पाहतो," खांबेटे म्हणाले. "काम म्हणून कोणी ही गाठ मागाहून शिकलं, तर हात मोकळे असताना तो ती मारणार नाही. तो आपला दोन हातांनीच बांधेल. गाठ मारायला माणूस लहानपणी एकदाच शिकतो, जो कोणी आपल्याला बूट घालून देतो त्याच्याकडून. तुम्हाला बूट घालून देणाऱ्याला एकच हात होता."

बाहेर चहावाल्याची किटली वाजत गेली. शुभदाच्या चेहऱ्यावरची इस्त्री विस्कटली.

"माझे वडील," ती म्हणाली. "सुभेदार संपतराव भोईटे. सीमेवर सुरुंगात डावा हात गेला. आम्ही तेव्हा दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये राहायचो. आई लष्करी इस्पितळात नर्स, ती पहाटेच जायची. माझी वेणी, बूट, दप्तराचे पट्टे, सगळं बाबा करायचे. दोन हातांनी गाठ मारतात हे मला शाळेत गेल्यावर कळलं."

"आणि हरपाल?"

"सोडतीत ज्याचा नंबर लागत नाही, त्याला तसं सांगावं लागतं. ते काम माझ्याकडे आहे. हरपाल रडायला लागला. म्हणाला, नाडीसाठी बायकोला हाक मारावी लागते, जगून काय करू? नियम मीच लिहिलेला, खांबेटेसाहेब. सगळा पाठ आहे. तरी मी त्याला गाठ दाखवली. कोणी शिकवलं म्हणाला, म्हणून बाबांचं नाव सांगितलं. रविवारी तो विचारत विचारत आमच्या सोसायटीच्या गेटवर हजर."

"मग?"

"मग काय, दारी आलेल्या माणसाला बाबा परत पाठवतील होय? पोहे खाऊ घातले, दिवसभर शिकवलं. पुढच्या रविवारी तो आणखी दोघांना घेऊन आला. आता तर खोली भरते. बाबांचे जुने फौजी दोस्त नोएडाभर गोदामं, दुकानं, फाटकं सांभाळतात. त्यांना फोन करकरून बाबांनी एकेकाला चिकटवून दिलं. बाबांनीच सगळ्यांना ताकीद दिली, माझ्या लेकीचं नाव तोंडातून काढायचं नाही." तिने समोरचे कागद सारखे केले. "मला वाटायचं दोन-चार माणसं आकड्यांत बुडून जातील. आकडे मला समजतात. तरी मी स्वतःला फसवलं."

करायला गेली गणपती आणि झाला मारुती! लोकांना उभं करता करता बाईने ती योजनाच आडवी करायला आणली होती. मदत मिळो न मिळो, माणसं कामाला लागतातच, असं उद्या समितीने म्हटलं असतं. पण खांबेट्यांना तिचा राग येईना. उलट याच खोलीत आपण तिला शिष्ट म्हणून नावं ठेवली, याची त्यांना लाज वाटली.

"एक तुम्हाला माहीत नाही," ते म्हणाले. "आकडे बनवले म्हणून भटनागर उद्या प्रज्ञाला काढणार आहेत."

शुभदा इतक्या वेगाने उठली की खुर्ची मागे पडली.

५

भटनागरांच्या खोलीत जे झालं त्याचा आवाज कॅन्टीनपर्यंत गेला. आवाज भटनागरांचा होता. शुभदा उभी राहून एकेक गोष्ट सांगत गेली, आणि सबबीचा शब्दही तिने काढला नाही.

"आपने पूरी स्टडी ख़राब कर दी!"

"हो सर. नोएडाची केली."

"आपको पता है इसका मतलब?"

"मला या कामातून काढा. चौकशी लावा. जे होईल ते मला मान्य आहे. प्रज्ञाची नोटीस मात्र आत्ता, माझ्यासमोर मागे घ्या."

खांबेटे कोपऱ्यात बसून होते. आता ते खाकरले. "भटनागरसाहेब, मी विक्रांतला हिशेब करायला बसवलंय. नोएडात बिनमदतीचा गट कधी नव्हताच. एका गटाला सरकारने शिकवलं, दुसऱ्याला सुभेदारांनी. म्हणून नोएडा बाजूला काढा आणि का काढलं ते समितीला सरळ सांगा. उरलेल्या केंद्रांत ज्यांना मदत मिळाली ते उठले, ज्यांना नाही मिळाली ते बहुतेक बसूनच राहिले. योजना अजून शाबूत आहे."

भटनागरांनी पेपरवेट बाजूला केला. मग त्यांनी शुभदाला अभ्यासातून मुक्त केल्याचा आदेश लिहिला, तिच्या चौकशीचा कागद वेगळा केला आणि प्रज्ञाच्या नोटिशीवर आडवी रेघ मारली. शुभदा निघाली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "वो सूबेदार साहब... मेरे साले का भी हाथ गया है. मिलेंगे?"

"रविवारी," शुभदा म्हणाली.

दाराबाहेर प्रज्ञा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, आणि तिला आनंद व्हायच्या ऐवजी रडू फुटत होतं.

"मॅडम, तुम्ही का सांगितलंत? माझं चाललं असतं ना."

"म्हणजे?" शुभदाला कळेना. खांबेट्यांना मात्र कॅन्टीनमधला तो उतरलेला चेहरा आठवला आणि लख्ख उजेड पडला. पोर स्वतःचं काही लपवत नव्हतीच.

"हिला माहीत होतं," ते म्हणाले. "मी त्या माणसांना भेटलो असतो तर माग काढत तुमच्यापर्यंत आलो असतो. म्हणून ही मला जाऊ देत नव्हती."

"एका रविवारी मी मुलाखतीसाठी हरपालकडे गेले, तर तो निघालेलाच," प्रज्ञा डोळे पुसत म्हणाली. "मी मागे मागे गेले. तुम्ही आत पोहे करत होतात. बाबांनी मला दारात बघितलं. मी काहीच नाही बोलले, फक्त नमस्कार केला आणि परत आले."

"अगं पण नोकरी जात होती तुझी! शेरा लागला असता. एक शब्द बोलली असतीस..."

"कशी बोलणार? मॅडम, मी नवीन होते तेव्हा ते काम माझं होतं. नंबर नाही लागला, हे सांगायचं. पहिल्याच दिवशी एका आजींना सांगितलं. मशीनमध्ये दोन्ही पाय गेलेले त्यांचे. त्यांनी उलट माझ्याच डोक्यावर हात ठेवला, म्हणाल्या, कोई बात नहीं बेटा, तूने खाना खाया? मी जिन्यात जाऊन इतकी रडले, इतकी रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात आणि म्हणालात, हे काम आजपासून माझं. ना काही विचारलंत, ना कोणाला सांगितलंत. तेव्हापासून ते सगळं तुम्ही एकट्या ऐकताय." तिला हुंदका आला. "ताई, तेव्हा थँक यू म्हणायचं राहूनच गेलं होतं."

शुभदाचे डोळे वाहू लागले. त्या कचेरीत तिला रडताना कोणी पाहिलं नव्हतं. आता येणारे-जाणारे थांबून बघत होते आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. "वेडी आहेस तू," एवढंच ती कसंबसं म्हणाली आणि तिने प्रज्ञाला जवळ ओढलं.

खांबेटे हळूच जिन्याकडे वळले. इतकी वर्षं लबाड माणसं पकडली आणि दर वेळी घरी येऊन जेवण गेलं नाही. आज गुन्हेगार सापडला होता, त्याला पाठीशी घालणारीही सापडली होती, आणि देवा, तुझे उपकार, असं मनात म्हणत ते पायऱ्या उतरत होते. खाली ऊन छान पडलं होतं आणि त्यांना सपाटून भूक लागली होती.